हौसेचें भाषांतर

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यानें नवीं मतें बनविण्याच्या भरीस पडूं नये, असलेलींच नीट सांभाळावीं, असें आम्ही आजवर मानीत आलों. नवें मत नव्या जोड्यासारखें असतें. तें चावल्यावांचून बसत नाहीं, आणि ह्या वयांत टांचेची जखम लवकर भरून येत नाहीं. असें असूनही गेल्या वर्षभरांत आमच्या एका जुन्या, वापरून मऊ झालेल्या मताला आम्हांस निरोप द्यावा लागला. भाषांतर हें अधिकारी पुरुषाचें काम आहे, दोन्ही भाषा ज्याच्या पुरत्या हातांत आहेत त्यानेंच त्याच्या वाटेस जावें, इतरांनीं मुकाट्यानें वाचक म्हणून राहावें, हें तें मत. पंचवीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवितांना तें आम्हीं वर्गांत पुष्कळ वेळां ठासून सांगितलें आहे. तें आमच्यापासून हिरावून घेणारा कोणी पंडित असता तर आम्हांस एवढें वाईट वाटलें नसतें. परंतु तें काम केलें जपानी चित्रमालिकांनीं. आणि त्यांतही, त्या मालिकांचें भाषांतर कोणीं सांगितलें नसतां, रात्रीं जागून, कवडीही न घेतां करणाऱ्या हौशी मंडळींनीं.

ज्यांस हा प्रकार ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. चित्रांना हालतें-बोलतें करून जपानांत ज्या मालिका व चित्रपट निघतात त्यांस 'अ‍ॅनिमे' म्हणतात. जपानी न जाणणाऱ्या पाश्चात्य रसिकांस त्यांची गोडी लागली तेव्हां अधिकृत भाषांतरें फारच थोडीं होतीं. अमेरिकेंत १९७७ सालीं लॉस एंजेलिस येथें अशा रसिकांचें एक मंडळ निघालें. आरंभीं ही मंडळी न कळणारे संवाद तसेच ऐकत व नुसत्या चित्रांवरून कथा ताडीत. पुढें व्हिडिओ फितींवर चित्राखालीं इंग्रजी ओळी चढविण्याची युक्ति साधली, आणि इंटरनेट आल्यावर तर तिला एखाद्या कारखान्याचें स्वरूप आलें. एकानें भाषांतर करावें, दुसऱ्यानें प्रत्येक ओळ कोणत्या क्षणीं उमटावी व कोणत्या क्षणीं मावळावी हें ठरवावें, तिसऱ्यानें दुकानावरच्या पाट्यांचीं व चिठ्ठ्याचपाट्यांचीं अक्षरें इंग्रजींत रंगवावीं, चौथ्यानें चुका काढाव्या, असा हा खटाटोप. ह्या लोकांनीं परस्परांस बहुधा पाहिलेलेंही नसतें. आरंभीं एक सूचना मात्र हटकून असे, कीं ही प्रत विकण्यासाठीं नाहीं.

वास्तविक जपानी चित्रमालिका आम्हीं पूर्वींही पाहिली होती. फक्त ती जपानी आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं मोगलीची गोष्ट लागे. आम्ही त्या वेळीं पदवीच्या परीक्षेचा अभ्यास करीत होतों, तरी ती वेळ चुकवीत नसूं. किप्लिंगचें पुस्तक, त्यावर १९८९ सालीं जपानांत निघालेली बावन्न भागांची मालिका, तिला हिंदी संवाद, आणि गुलजारांचें नवें गीत, अशी ती घडण होती. तींत कोठेंही जपानची खूण उरलेली नव्हती, आणि ती नसल्याचें आम्हांस दुःखही नव्हतें. आपल्याकडे रूपांतराची परंपरा मोठी आहे. ऑथेल्लोचा झुंझारराव करणाऱ्या देवलांनीं मूळ घराचे वासेही ओळखूं येऊं दिले नाहींत, आणि प्रेक्षकांनीं त्यांस डोक्यावर घेतलें. परक्यास आपल्या घरांत आणावयाचें तर त्यास आपले कपडे घालूनच आणावें, ही आमचीही रुचि त्याच परंपरेंत वाढलेली.

आतां प्रस्तुत विषयाकडे वळूं. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमची कन्या नोकरीस बंगळूरला जाण्यापूर्वीं दोन महिने घरीं होती. आमच्या मातोश्रींनीं ऐंशी ओलांडली आहे. त्यांस ऐकूं कमी येतें, परंतु ठळक अक्षर असल्यास चष्म्यानें वाचतां येतें. टेलिव्हिजनवरचीं भांडणें त्यांस ऐकूं येत नाहींत, हा त्यांच्या सुखाचाच एक भाग आहे असें आम्ही समजत होतों. नातीस तें पटलें नाहीं. 'आकागे नो अ‍ॅन', म्हणजे तांबड्या केंसांची अ‍ॅन, ही १९७९ सालची पन्नास भागांची मालिका तिच्याजवळ हौशी इंग्रजी ओळींसह होती. त्या ओळी साध्या मजकुराच्या रूपानें वेगळ्या ठेवलेल्या असतात व कोणासही उघडून बदलतां येतात. तिनें प्रत्येक इंग्रजी ओळ काढून तिच्या जागीं मराठी ओळ ठोठावावयास आरंभ केला, आणि दोन-तीन दिवसांआड एक ह्या प्रमाणानें आजींना एकेक भाग दाखवूं लागली.

ही अ‍ॅन म्हणजे आमची जुनी ओळखीची. कॅनडांतील लेखिका मॉन्टगोमेरी हिची १९०८ सालची ती कादंबरी. प्रिन्स एडवर्ड बेटावर मॅथ्यू व मॅरिला हीं प्रौढ, अविवाहित भावंडें शेतकामासाठीं अनाथाश्रमांतून एक मुलगा मागवितात. चुकीनें येते अकरा वर्षांची एक अखंड बोलणारी मुलगी. आणि तिला परत धाडावें कीं ठेवावें, हा प्रश्न पडतो. आम्हीं ती कादंबरी मुलींचें पुस्तक म्हणून केव्हांच फळीवर ठेवून दिली होती. ताकाहाता इसाओ ह्या दिग्दर्शकानें मात्र ती ज्या धीमेपणानें उलगडली आहे, तो पाहून आम्ही प्रथम कंटाळलों, मग चकित झालों, आणि शेवटीं खुर्ची पुढें ओढून बसलों. मुलीस ठेवून घेण्याचा निश्चय होईपर्यंत सहा भाग जातात. स्टेशनावरून घरीं नेणारी घोडागाडी फुललेल्या सफरचंदांच्या झाडांखालून जाते तेव्हां ती खरोखरच घोड्याच्या चालीनें जाते. कादंबरींत लेखिका आपणांस सांगते कीं मॅथ्यू अबोल होता. येथें त्याचा अबोलपणा आपणांस मिनिटेंच्या मिनिटें सोसावा लागतो, आणि म्हणूनच तो जेव्हां एक शब्द बोलतो तेव्हां त्याचें मोल कळतें. दुसरें असें, कीं ह्या चित्रकारांनीं अ‍ॅनला सुंदर केलेलें नाहीं. ती हाडकुळी, मोठ्या कपाळाची, डोळेच डोळे असलेली पोर आहे, आणि भागामागून भाग ती आपल्या नकळत मोठी होत जाते. वाढत्या वयाचें इतकें प्रामाणिक चित्रण आम्हीं नटांकडून झालेलेंही क्वचित् पाहिलें आहे.

शिवाय इंग्रजीच्या शिक्षकास ह्यांत एक निराळाच चमत्कार दिसतो. मूळ पुस्तक इंग्रजी, त्याचें जपानी झालें, आणि त्या जपानीचें हौशी मंडळींनीं पुनः इंग्रजी केलें. माहेरची मुलगी सासरचे संस्कार घेऊन माहेरीं परत यावी तशी ही अ‍ॅन. तिची बोलण्याची फेंक तीच, पण डोक्यावरचा पदर निराळा. आपल्या नांवाच्या शेवटीं 'ई' हें अक्षर लिहावें, म्हणजे नांव भारदस्त दिसतें, असा तिचा मूळचा हट्ट. जपानी लिपींत 'ई' असो वा नसो, नांव सारखेंच लिहिलें जातें. तेव्हां त्या बिचारीस इंग्रजी अक्षराचें नांव घेऊन आपलें गाऱ्हाणें सांगावें लागतें. मराठींतही तीच अडचण. आमच्या कन्येनें तेथें सरळ लिहिलें, 'इंग्रजींत शेवटीं एक मुकें अक्षर असतं. तें मला हवं.' मातोश्रींनीं मान डोलावली. त्यांच्या स्वतःच्या माहेरच्या नांवाचें सासरीं काय झालें हें त्या विसरलेल्या नाहींत.

बारा भाग झाले आणि आमच्यांतला परीक्षक जागा झाला. कन्येच्या ओळी आम्हीं छापून घेतल्या व तांबडी पेन्सिल हातीं धरली. शुद्धलेखनाच्या चुका होत्याच. परंतु आम्हीं तेवढ्यावर थांबलों नाहीं. मॅथ्यू बोलण्यापूर्वीं नेहमीं चांचरतो. जपानींत तो 'सोसानो' असें कांहींसें पुटपुटतो. कन्येनें त्याच्या तोंडीं 'असं बघ' घातलें होतें; आम्हीं तें खोडून 'वस्तुतः विचार करतां' असें सुचविलें. घरांतून बाहेर पडतांना अ‍ॅन जें बोलते त्याचें हौशी इंग्रजी 'मी निघालें' ह्या अर्थाचें होतें. कन्येनें लिहिलें होतें, 'येतें हं.' आम्हीं त्याखालीं रेघ मारून समासांत नोंद केली कीं, 'मुळांत येण्याचा उल्लेख नाहीं. स्वैर भाषांतर.' अशा दोनशेंच्या वर खुणा झाल्या. रात्रीं तो गठ्ठा आम्हीं तिच्या टेबलावर ठेवला. सकाळीं ती एवढेंच म्हणाली, 'बरं, बाबा.' आठ दिवसांनीं ती बंगळूरला गेली. तेरावा भाग झाला नाहीं.

पंधरवडाभर मातोश्रींनीं वाट पाहिली. मग एके दिवशीं जेवतांना त्यांनीं विचारलें, 'अरे, त्या पोरीला शाळेंत घातली कीं नाहीं?' बाराव्या भागाच्या अखेरीस तो विषय अर्धवट राहिला होता. आम्हीं कथा तोंडी सांगूं लागलों, तेव्हां त्या म्हणाल्या, 'तूं सांगूं नकोस. मला बघायचंय.' कन्येस फोन करून विचारावें तर काय विचारावें, हें सुचेना. तेव्हां आम्हींच तो भाग करावयास घेतला. दोन भाषांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या मनुष्यास पंचवीस मिनिटांचा एक भाग करावयास नऊ संध्याकाळ लागल्या. आम्हीं एकही अर्थच्छटा गळूं दिली नाहीं. मातोश्रींनीं तो पाहिला. पांच मिनिटांनीं त्यांनीं चष्मा काढला व म्हटलें, 'अरे, हें वाचायच्या आंतच पळतंय.'

आणि तें खरें होतें. आमचीं वाक्यें निर्दोष होतीं, परंतु त्यांस पडद्यावर जेवढा वेळ मिळे तेवढ्यांत तीं ऐंशी वर्षांच्या डोळ्यांना वाचून होत नव्हतीं. आम्हीं कन्येचे बारा भाग पुनः काढून पाहिले. प्रत्येक ओळ तिनें आजींच्या वाचण्याच्या वेगानें कापलेली होती. जेथें आम्हीं 'अर्थ गळला' असें लिहिलें होतें, तेथें तो गळलेला नव्हता. तो चित्रांत दिसत होता, म्हणून तिनें तो ओळींतून काढून टाकला होता. भाषांतर कोणासाठीं, हा प्रश्न आम्हीं पेन्सिल घेतांना स्वतःस विचारलाच नव्हता. तिला तो विचारावा लागला नाहीं. उत्तर समोर आरामखुर्चींत बसलेलें होतें.

तेव्हां हा धंदा आधीं शिकावा, अशा बुद्धीनें आम्ही कन्येनें मागें ठेवलेल्या इतर मालिका हौशी इंग्रजींतून पाहूं लागलों. 'आकाशगंगेंतील वीरांची आख्यायिका' ही त्यांतली सर्वांत मोठी. १९८८ ते १९९७ पर्यंत निघालेले एकशें दहा भाग. तिचें अधिकृत इंग्रजी होण्यास कित्येक वर्षें लागलीं, आणि तोंवर हौशी मंडळींनींच तिला वाचा दिली. एकीकडे निरंकुश परंतु कर्तबगार सम्राट्, दुसरीकडे नासलेलें लोकराज्य. ह्यांत निवड कोणाची करावी, असा तिचा विषय आहे. लढाया लांबतात व सेनापतींचीं भाषणें त्याहून लांबतात, हा तिचा दोष आम्हांस लपवितां येत नाहीं. पण यांग वेन-ली हा तिचा नायक आम्हांस फार आवडला. त्यास इतिहास शिकावयाचा होता, पैसे नव्हते, लष्करी शाळेंत शिक्षण फुकट मिळे म्हणून तो तेथें गेला, आणि जन्मभर नावडत्या कामांत यश मिळवीत राहिला. असे यशस्वी दुःखी लोक आम्हीं महाविद्यालयांच्या शिक्षकदालनांतही पाहिले आहेत.

'मुशिशी' ही २००५ सालची सव्वीस भागांची मालिका मात्र आम्हीं रोज एकच भाग, दिवे मालवून पाहिली. गिंको नांवाचा एक पांढऱ्या केंसांचा भटक्या वैद्य गांवोगांव जातो, आणि 'मुशी' नांवाच्या, धड प्राणी नव्हेत व धड भुतें नव्हेत, अशा सूक्ष्म जीवांनीं पछाडलेल्या माणसांना बरें करण्याचा प्रयत्न करतो. बहुधा तो मुशीला मारीत नाहीं. माणूस व मुशी ह्यांनीं एकमेकांपासून किती अंतरावर राहावें हें तो ठरवून देतो. ह्या कथांत दुष्ट कोणीच नाहीं, आणि तरी दुःख पुरेसें आहे. भाषांतराच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी, कीं आम्हीं पाहिलेल्या प्रतींत 'मुशी' हा शब्द तसाच ठेवला होता. त्याचा नित्याचा अर्थ 'किडा'. परंतु किडा म्हटल्यास सगळी माया नाहींशी होते, आणि भूत म्हटल्यास भलतीच येते. आमच्या परंपरेनें त्यास कांहीं तरी देशी वेष चढविला असता. ह्या हौशी मनुष्यानें आपल्याजवळ शब्द नाहीं हें कबूल केलें, आणि प्रेक्षकावर भरंवसा टाकला. दोन-तीन भागांत आम्हांस तो शब्द मायबोलींतल्यासारखा वाटूं लागला.

'चिहायाफुरु' ह्या २०११ सालच्या मालिकेंत भाषांतरकाराची परीक्षाच आहे. तिचा विषय एक खेळ. फुजिवारा नो तेइका ह्या कवीनें शंभर कवींची एकेक कविता निवडून केलेला संग्रह जपानांत प्रसिद्ध आहे. त्या कवितांचे उत्तरार्ध लिहिलेले पत्ते चटईवर मांडतात, वाचणारा पूर्वार्ध म्हणूं लागतो, आणि जो आधीं ओळखून पत्त्यावर हात मारील त्याचा पत्ता. शंभरांपैकीं सात कविता अशा, कीं पहिल्या अक्षरावरच ओळखतां येतात. ज्यांचें बालपण भेंड्या लावण्यांत गेलें त्यांस ही चुरस निराळी समजावून सांगण्याची जरूर नाहीं. आतां अडचण अशी, कीं खेळाडूनें एका अक्षरावर हात मारावा, आणि खालीं तोंवर सबंध कवितेचें इंग्रजी येऊन बसलेलें असावें! हौशी भाषांतरकारानें ह्यावर काय केलें? त्यानें चित्राच्या माथ्यावर बारीक अक्षरांत टीप दिली. ह्या टीपांची ह्या मंडळींस फार हौस. कधीं कधीं वर टीप, खालीं संवाद, बाजूस पाटीचा अर्थ, आणि मधें नायिकेचें नाक तेवढें दिसत आहे, अशी स्थिति होते. संस्कृत काव्यावरची टीका छापतांना आपले जुने मुद्रक मूळ श्लोकास जेवढी जागा ठेवीत, तेवढी तरी चित्रास ठेवावी, असें आम्हांस अनेकदां वाटलें.

परंतु अशाच एका टीपेनें आमची खोड मोडली. शाळकरी मुलगी घरांतून निघतांना 'इत्तेकिमासु' म्हणाली. खालीं इंग्रजी ओळ तीच, 'मी निघालें' ह्या अर्थाची. आणि माथ्यावर टीप, कीं ह्या शब्दांचा अक्षरशः अर्थ 'जाऊन येतें' असा असून, घरचीं माणसें त्यावर 'जाऊन ये' अशा अर्थाचें उत्तर देतात. आम्हीं चित्र थांबविलें. आपल्या घरांत कोणी 'जातों' म्हणत नाहीं. चुकून म्हटलेंच तर मातोश्री अजूनही 'येतों म्हण' असें दटावतात. कन्येस जपानी येत नाहीं. पण वर्षानुवर्षें ऐकून तिच्या कानाला तें ठाऊक झालें होतें. इंग्रजींतून जातांना जो अर्थ सांडला होता तो तिनें 'येतें हं' एवढ्या दोन शब्दांत उचलून जागेवर ठेवला, आणि आम्हीं त्याखालीं तांबडी रेघ मारून 'स्वैर भाषांतर' असा शेरा दिला!

एकदां हें ध्यानांत आल्यावर, ह्या भाषांतरांतल्या ज्या गोष्टींस आम्ही गबाळेपणा समजत होतों त्यांचा अर्थ निराळा दिसूं लागला. हौशी मंडळी इंग्रजी वाक्यांतही नांवापुढें 'सान', 'कुन', 'चान', 'सामा' हे जपानी प्रत्यय तसेच ठेवतात. इंग्रजीच्या कानाला तें खटकतें. परंतु ज्या भाषेंत तूं, तुम्ही व आपण ह्यांतलें अंतर ओलांडण्यास माणसांना वर्षें लागतात, जेथें राव, पंत, ताई, बाई ह्यांवांचून नांव उघडें वाटतें, तिच्या वाचकास 'सान' सुटून 'चान' कधीं आलें हें पाहण्यांतच अर्धी कथा कळते. जपानींत तर 'मी' देखील अनेक. पुरुषानें मित्रांत 'ओरे' म्हणावें, नम्रपणें 'बोकु' म्हणावें, सभेंत 'वाताशि' म्हणावें. इंग्रजींत सगळ्यांचा एकच मी होतो. एकटेच असून स्वतःस 'आम्ही' म्हणविणाऱ्या प्रस्तुत लेखकाची त्या इंग्रजींत काय गत होईल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

येथें कोणी म्हणेल, कीं हें सगळें ठीक, पण ही चोरी नव्हे काय? आहे. मालकाच्या परवानगीवांचून त्याची चीज वांटणें हें कोणत्याही देशाच्या कायद्यांत बसत नाहीं, आणि हौस हा कांहीं त्यावर बचाव नव्हे. ह्या मंडळींतल्या पुष्कळांनीं स्वतःस एक नियम घालून घेतला होता, कीं एखादी मालिका अधिकृतपणें विकत मिळूं लागली, कीं आपण आपलें काम थांबवावें. सर्वांनीं तो पाळला असें नाहीं. पुढें २००९ च्या सुमारास, जपानांत भाग दाखविला जातांच थोड्या वेळांत त्याचें अधिकृत इंग्रजी देण्याची पद्धति सुरू झाली, आणि हौशी लोकांची गरजही कमी झाली. जें विकत मिळतें तें विकत घेऊनच पाहावें, ह्याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पण आमच्या मातोश्रींसाठीं मराठी ओळी विकणारें दुकान आम्हांस अद्याप आढळलें नाहीं. आणि गिऱ्हाईक एकच असेल अशा मालाचें दुकान कोणी काढणारही नाहीं.

ह्याच सुमारास आम्हांस मुराओका हानाको ह्या बाईंची हकीकत वाचावयास मिळाली. अ‍ॅन जपानला प्रथम भेटली ती त्यांच्या भाषांतरामुळें. १९३९ सालीं जपान सोडून जाणाऱ्या एका कॅनेडियन मिशनरी बाईनें त्यांच्या हातीं ती कादंबरी ठेवली. लवकरच युद्ध पेटलें, इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली, आणि असलें पुस्तक छापण्याची गोष्ट बोलण्याचीही सोय राहिली नाहीं. बाईंनीं तरी भाषांतर चालू ठेवलें, बाँबच्या वर्षावांत हस्तलिखित जपलें, आणि तें छापून निघालें १९५२ सालीं. मुराओकाबाई पदरीं विद्या असलेल्या, अनुभवी लेखिका होत्या. त्यांस हौशी म्हणणें शोभणार नाहीं. पण ज्या वर्षांत त्या लिहीत होत्या त्या वर्षांत कोणी प्रकाशक नव्हता, मोबदला नव्हता, वाचक मिळेल ही आशाही नव्हती. हौस हा शब्द आपण नटण्या-मुरडण्यास लावतों. पण जें काम कोणी मागितलेलें नसतां माणूस करतो, त्यामागें दुसरें काय असतें? अधिकार नंतर येतो. आमच्याजवळ अधिकार होता, आणि घरांतली हौस आम्हींच खोडून ठेवली होती.

आम्हीं कन्येस पत्र लिहिलें. फोनवर असल्या गोष्टी आम्हांस बोलतां येत नाहींत. त्या बाबतींत आम्ही मॅथ्यूच्या जातीचे. 'येतें हं' बद्दलची टीप उतरून दिली, आपली चूक कबूल केली, आणि मातोश्रींच्या शाळेच्या प्रश्नाचीही हकीकत कळविली. चार दिवसांनीं चौदावा भाग येऊन पडला. सोबत एक ओळ होती : 'तेरावाही पुन्हा केलाय. बाबा, तुम्ही फक्त ऱ्हस्वदीर्घ बघा.' तेव्हांपासून तोच आमचा हुद्दा आहे, आणि तो आम्हीं इमानानें संभाळला आहे.

एकदांच तिनें नियम मोडला. सत्तेचाळिसाव्या भागांत मॅथ्यू मरतो. तो भाग तिनें आमच्याकडे धाडला व लिहिलें, 'हा तुम्ही करा. माझ्यानें होत नाहीं.' मरणापूर्वीं म्हातारा अ‍ॅनशीं थोडेंसें बोलतो. मुलगाच मिळाला असता तर बरें झालें असतें काय, असें तिचें विचारणें असतें, आणि तो आयुष्यांतलें सर्वांत लांब वाक्य बोलून तिची शंका फेडतो. मूळ कादंबरींत तो तिला आपली मुलगी म्हणतो, तो इंग्रजी शब्द कोणाही मुलीस लागेल असा आहे. जपानींत त्याच्या तोंडीं 'मुसुमे' हा शब्द आहे. त्याचा अर्थ मुलगीही होतो आणि पोटची पोरही. म्हणजे मॉन्टगोमेरीनें जें वाचकाच्या मनावर सोंपविलें होतें तें जपानी भाषेनें, आपल्या स्वभावधर्मानेंच, म्हाताऱ्याकडून वदवून घेतलें. हौशी इंग्रजीनें तें पुनः झांकलें होतें. आम्हीं तीन संध्याकाळ त्या एका ओळीपाशीं बसलों. 'मुलगी' लिहिलें, खोडलें. 'कन्या' लिहिलें, खोडलें. शेवटीं 'माझी लेक' असे दोन शब्द ठेवले आणि पुढचें सगळें कापून टाकलें. मातोश्रींस वाचावयास भरपूर वेळ मिळावा म्हणून ती ओळ आम्हीं पडद्यावर क्षणभर अधिकच राहूं दिली.

त्यांनीं तो भाग पाहिला. बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, 'पोरीनं छान लिहिलंय रे.'

'होय,' आम्हीं म्हटलें.